मांडवीच्या पलतडी सहा महिने

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या वाचनालयात मुक्तिदिनानिमित्त व्याख्यान ठेवलं होतं. विषय 'गोवा आणि समान नागरी कायदा'. वक्ते बाहेरगावचे होते, पण अभ्यास करून आले होते. जे अख्ख्या भारताला अजून जमलं नाही ते या चिमुकल्या गोव्यात शंभर-सव्वाशे वर्षं चाललं आहे, लग्न झालं की बायको नवऱ्याच्या अर्ध्या मालमत्तेची वाटेकरीण होते, मुलगीही मुलासारखीच वारस असते, असं ते सांगत गेले आणि आम्ही टाळ्या वाजवत गेलो. मीही वाजवल्या. आपल्या गावाला कोणी चांगलं म्हटलं की कोणाला बरं वाटत नाही?

माझ्या शेजारी तात्या बसले होते. तात्या म्हणजे आमच्या वाड्यावरचे जुने वकील. पणजीच्या लिसेवात शिकलेले, पोर्तुगेजांच्या अमदानीत वकिली सुरू केलेले आणि मुक्तीनंतर इंग्रजी कायदा नव्याने शिकून म्हातारपणापर्यंत कोर्टात उभे राहिलेले. त्यांनी टाळी वाजवली नाही. वाटेत काही बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला बोलावणं आलं. गेले तर बलकांवावर एक जाडजूड, कसर लागलेलं पुस्तक उघडून बसले होते. पान माझ्यासमोर धरून म्हणाले, "बाय, हें वाच. आनी मागीर आमच्या कायद्याची तोखणाय कर."

मला पोर्तुगेज येत नाही. त्यांनीच मराठीत सांगितलं. ते पुस्तक म्हणजे १८८६ ची पोर्तुगेज दंडसंहिता आणि ते कलम होतं ३७२. विवाहित पुरुषाला आपली बायको परपुरुषाबरोबर प्रत्यक्ष व्यभिचार करताना सापडली आणि त्याच क्षणी त्याने तिला, किंवा त्या पुरुषाला, किंवा दोघांनाही ठार मारलं, तर त्याला शिक्षा काय? सहा महिने कोमार्कच्या बाहेर राहायचं. बस्स. मारहाणीत जीव गेला नाही आणि इजा किरकोळ असली, तर तेवढीही शिक्षा नाही.

कोमार्क म्हणजे न्यायालयीन जिल्हा. गोव्यात इल्यास म्हणजे आपली तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी अशा कोमार्की होत्या. आता हिशेब करा. बार्देसच्या माणसाने हे कृत्य केलं तर कायद्याच्या शब्दाप्रमाणे त्याने बार्देस सोडायचा. म्हणजे बेतीच्या धक्क्यावर यायचं, होडीत बसायचं आणि मांडवी ओलांडून पणजीत उतरायचं. झाली हद्दपारी! पणजीत बिऱ्हाड करावं, संध्याकाळी नदीकाठी बसावं, समोर आपला बार्देस दिसतोच आहे. सहा महिने झाले की परतीची होडी.

तात्यांनी हे सांगितलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण मला माझी आजी आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजी आणि तिची एक मैत्रीण राजांगणात पोहे निवडत बसल्या होत्या. दूरच्या एका घराबद्दल, तिथल्या कधीच्या मेलेल्या पुरुषाबद्दल बोलणं चाललं होतं. "तो सहा म्हयने पलतडी रावून आयलो," आजी म्हणाली, "आनी दुसरी हाडली." मला वाटलं, कामाधंद्यासाठी गेला असेल. मग दोघींच्या बोलण्यावरून लक्षात आलं की त्याच्या पहिल्या बायकोचा जीव त्याच्याच हातून गेला होता. मी मध्येच तोंड घातलं आणि विचारलं, "तिणें कितें केल्लें?" आजीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सूप घेऊन उठून गेली.

त्या 'पलतडी'चा अर्थ मला तात्यांच्या बलकांवावर समजला. माझ्या त्या प्रश्नाचा अर्थ समजायला मात्र आणखी वेळ लागला. त्याच प्रश्नासाठी हा लेख लिहिते आहे.

हे कलम काही १८८६ साली आकाशातून पडलं नव्हतं. त्याआधी १८५२ ची पहिली दंडसंहिता होती, तिच्यातही ही सवलत होतीच. आणि त्याच्याही मागे गेलं तर १६०३ पासून पोर्तुगालच्या सगळ्या मुलखांत चाललेला फिलिपीन कायदेसंग्रह लागतो. त्याच्या पाचव्या भागात तर सरळ म्हटलं होतं की व्यभिचारात सापडलेल्या बायकोला आणि तिच्या जाराला नवऱ्याने मारलं तर ते कायदेशीरच. अपवाद एकच, आणि तोही तिच्यासाठी नव्हे. नवरा सामान्य माणूस असेल आणि तिचा जार कोणी फिदाल्ग म्हणजे उमराव, किंवा राजाचा न्यायाधीश, किंवा वरच्या दर्जाचा माणूस असेल, तर नवऱ्याने त्याला हात लावायचा नाही. लावला तर आफ्रिकेत हद्दपारी. तिला मारलं तर काही नाही. त्या काळच्या राज्याला जिवाची किंमत कळत नव्हती असं नव्हे. फक्त ती कोणाच्या जिवाला किती, हे ठरलेलं होतं.

आणखी एक विसंगती पाहा. ह्याच राज्याने गोवा घेतल्यावर सोळाव्या शतकाच्या आरंभी, अफोंसो द आल्बुकेर्कच्या काळात, सतीची चाल बंद केली. ब्रिटिश बंगालच्या तीनशे वर्षं आधी. शाळेत आम्ही ते अभिमानाने पाठ केलं होतं. मेलेल्या नवऱ्यासाठी बाईने जळायचं नाही, हे बरोबरच होतं. पण जिवंत नवऱ्याने तिला मारलं तर? त्या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या पुस्तकात नव्हतं. ते तात्यांच्या कपाटात होतं.

ह्या कलमाला एक दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर लबाडी होईल. विवाहित बाईलाही ही सवलत दिली होती. मात्र तिच्यासाठी अट वेगळी. नवऱ्याने ठेवलेली बाई त्याच लग्नाच्या घरात आणून पोसलेली असली पाहिजे. म्हणजे नवरा बाहेर कुठेही जावो, बायकोचा संताप कायद्याला मान्य नव्हता. तिच्या घराचा उंबरठा ओलांडून सवत आत आली तरच तिला राग येण्याची परवानगी! पुरुषाला मात्र अशी जागेची अट नव्हती. शिवाय आईबापांनाही एकवीस वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत अशीच मोकळीक होती. मुलाच्या बाबतीत नव्हती, हे सांगायला नकोच.

तात्या म्हणाले, असा खटला आला की सगळा वाद एकाच गोष्टीवर यायचा. ती कुठे सापडली? कोणत्या अवस्थेत सापडली? दार लावलेलं होतं की उघडं? आधी कोणी काही पाहिलं होतं का? म्हणजे पिंजऱ्यात उभा नवरा, पण चौकशी मेलेल्या बाईची. तिची बाजू मांडायला ती नाही, आणि जो बोलू शकतो त्यानेच तिला गप्प केलेलं. "खटलो तिचो आसतालो," ते म्हणाले, "ख्यास्त मात त्याका, ती लेगीत सहा म्हयने."

शिक्षेची मापं तेव्हा कशी होती हे समजावं म्हणून एक उदाहरण देते. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांच्या सभेनंतर जी चळवळ पेटली, तिच्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि समुद्रापार पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. गुन्हा काय, तर माणसांनी मोकळेपणाने बोलावं असं म्हटलं. त्या वेळी कलम ३७२ ही गोव्यात चालूच होतं. राज्याविरुद्ध बोललं तर आठ वर्षं, समुद्रापार. बायकोला मारलं, आणि ती 'सापडली' होती हे पटवता आलं, तर सहा महिने, नदीपार.

आता परत त्या व्याख्यानाकडे येऊ. वक्ते जे बोलले ते खोटं नव्हतं. १८६७ ची पोर्तुगेज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यामुळे इथल्या बाईला जे मिळालं ते शेजारच्या सावंतवाडीतल्या किंवा कारवारातल्या बाईला फार उशिरा मिळालं, काही बाबतींत अजून मिळालेलं नाही. वारशाचा भाग आता गोव्याने स्वतःच्या २०१२ च्या कायद्यात घेतला आहे, तरी गाभा तोच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली एका निकालात गोव्याचं उदाहरण झळझळीत म्हणून पुढे केलं. हे सगळं खरं. पण त्याच राज्याने, त्याच शतकात, त्याच बाईबद्दल दोन पुस्तकं लिहिली होती. एका पुस्तकात ती घराची अर्धी मालकीण होती. दुसऱ्यात तिच्या जिवाची किंमत सहा महिन्यांची हद्दपारी होती. आम्ही पहिलं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं आणि दुसरं वाळवीला दिलं.

आणि पहिल्या पुस्तकातही दुसऱ्याची सावली पडलेली होतीच. १८६७ च्या संहितेत नवराबायकोने विभक्त होण्याची कारणं दिली होती. बायकोचा व्यभिचार, एवढं एकच पुरे. नवऱ्याचा मात्र नुसता व्यभिचार चालत नसे. त्याने उघड बोभाटा व्हायला हवा, किंवा बायकोला पुरतं टाकून द्यायला हवं, किंवा ठेवलेली बाई घरात आणायला हवी. हा भेद १९१० साली, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर, घटस्फोटाच्या कायद्याने मोडला. दोघांचा व्यभिचार सारखाच धरला गेला. पण दंडसंहितेतलं कलम ३७२ त्यानंतरही उभंच राहिलं. संसार मोडायच्या बाबतीत बाई पुरुषाबरोबरीची झाली, मरायच्या बाबतीत नाही.

इथे कोणी म्हणेल, फिरंग्यांचं सोडा, १९६१ साली ते गेले आणि ते कलमही गेलं. हो, गेलं. १९६२ च्या नियमनाने भारतीय दंडसंहिता गोव्याला लागू करण्यात आली. तिच्यात 'बायको सापडली तर' असं कलम नाही. पण तिच्यात काय होतं हे पाहायचं तर मला एका जहाजाची गोष्ट सांगावी लागेल.

१९५९ च्या एप्रिल महिन्यातली. मुंबईत नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने सांगितलं की तिचं दुसऱ्या एका पुरुषावर प्रेम आहे. नानावटी 'आयएनएस मैसूर' या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. ते जहाजावर गेले, रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या, त्या पुरुषाला शोधत त्याच्या घरी पोचले आणि त्याला ठार केलं. बायकोला त्यांनी हात लावला नाही, म्हणून ही तशी स्त्रीच्या खुनाची गोष्ट नव्हे. पण पुरुषाच्या संतापाला समाज किती मान देतो याची आहे. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवलं. एका साप्ताहिकाने त्यांची बाजू घेऊन रान उठवलं. पुढे उच्च न्यायालयाने ज्युरीचा निर्णय उलटवला आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. न्यायालय म्हणालं, बायकोने सांगितल्यापासून गोळी झाडेपर्यंत तीन तास गेले होते, डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता. १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली.

ह्या निकालानंतर महिनाही झाला नव्हता. १८ डिसेंबर १९६१ ला तीच 'मैसूर' कारवारजवळच्या अंजदीव बेटासमोर उभी होती. गोवामुक्तीच्या लढाईतली अंजदीवची कारवाई तिने आणि 'त्रिशूळ'ने केली. मला हा योगायोग फार बोलका वाटतो. ज्या जहाजावरून ते रिव्हॉल्वर निघालं, तेच जहाज आमच्या किनाऱ्यावर नवं राज्य घेऊन आलं. आणि त्या राज्याबरोबर नवा कायदाही.

त्या नव्या कायद्यात, खुनाच्या ३०० व्या कलमाला पहिला अपवाद असा होता: गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे माणसाचा ताबा सुटला आणि त्या भरात त्याच्या हातून कोणी मेलं, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. मग फाशी किंवा जन्मठेप अटळ राहत नाही, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा त्याहून खाली येऊ शकते. शब्द कसे निःपक्षपाती आहेत पाहा. त्यात बाई नाही, पुरुष नाही, व्यभिचार नाही. पण ही कल्पना ज्या इंग्रजी कायद्यातून आली, तिथे १७०७ सालीच एका न्यायाधीशाने सांगून ठेवलं होतं की दुसऱ्याच्या बायकोशी व्यभिचार हे नवऱ्याच्या मालमत्तेवरचं सर्वांत मोठं अतिक्रमण आहे, आणि त्यामुळे आलेला राग समजण्यासारखा आहे. नानावटी खटल्यातच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली की आरोपी ज्या समाजातला आहे त्या समाजातला समंजस माणूस त्या परिस्थितीत ताबा गमावेल का, हे पाहायचं. म्हणजे पोर्तुगेज कायदा सरळ किंमत छापून मोकळा होत असे. इंग्रजी कायद्याने किमतीची पाटी काढली आणि घासाघीस न्यायाधीशावर सोपवली. सुधारणा नक्कीच होती. सहा महिन्यांची सरसकट सूट गेली, तीन तासांचा हिशेब आला. पण पहिला प्रश्न तोच राहिला. तिने काय केलं होतं?

दुसरी अडचण घराची. खून रस्त्यावर झाला तर साक्षीदार मिळतात. तो स्वयंपाकघरात झाला तर साक्षीदार कोण? सासू, दीर, नणंद आणि फार तर चार वर्षांचं मूल. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली वर्तमानपत्रं आठवतात ना? 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' दोन ओळींची बातमी, आतल्या पानावर. इतक्या घरांत स्टोव्ह नेमका सुनेवरच कसा भडकतो, असा प्रश्न बायकांच्या संघटनांनी मोर्चे काढून विचारला तेव्हा कुठे तो संसदेपर्यंत गेला.

पुण्याचा सारडा खटला त्याच काळातला. १९८२ च्या जूनमध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली मंजुश्री विषाने मेली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयात वाचली गेली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. ती आत्महत्याही असू शकते, आणि नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळीतली एकही कडी सैल असता कामा नये, असं न्यायालयाने सांगितलं. पुराव्याची ती पाच सूत्रं आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. त्यात मला खोट काढायची नाही. निरपराध माणूस फासावर जाऊ नये यासाठीच ती आहेत. पण बंद घरातली साखळी बाहेरच्या माणसाने जोडायची कशी, हा प्रश्न त्या निकालाने सगळ्यांपुढे टाकला. जे पुणे-मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा ओरडत होते, ते ह्याच प्रश्नासाठी.

उत्तर हळूहळू आलं. १९८३ साली ४९८-अ कलम आलं आणि घरातला छळ हा पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला. लग्नाला सात वर्षं होण्याआधी बाई संशयास्पद रीतीने मेली तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी सक्तीची झाली. आपल्या गोव्यातल्या बातम्यांत 'लग्नाला सात वर्षे पूर्ण झाली नसल्याने उपजिल्हाधिकाऱ्यांनी पंचनामा केला' असं वाक्य येतं, त्याचं मूळ हे. १९८६ साली ३०४-ब म्हणजे हुंडाबळीचं कलम आलं. सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू, आणि मरणापूर्वी नजीकच्या काळात हुंड्यासाठी छळ, एवढं सिद्ध झालं की मग नवऱ्याने आणि सासरच्यांनी आपलं निर्दोषत्व दाखवायचं. किमान शिक्षा सात वर्षं, कमाल जन्मठेप.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २००६ चा एक निकाल. खटला महाराष्ट्रातल्याच एका खेड्यातला. बायको मेली, सासरच्यांनी सांगितलं, साप चावला. शवविच्छेदनात निघालं की गळा आवळला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गुन्हा घराच्या चार भिंतींच्या आड होतो तेव्हा सरकार पक्षाकडून रस्त्यावरच्या गुन्ह्याइतका पुरावा मागणं चुकीचं आहे. त्या घरात राहणाऱ्यांना काय झालं हे माहीत असतं. त्यांनी सांगितलं पाहिजे. ते गप्प बसले किंवा खोटं बोलले, तर ती गप्प आणि ते खोटं हीच साखळीतली एक कडी.

कलम ३७२ पासून इथपर्यंतचा प्रवास माझ्या मते एका वाक्यात सांगता येतो. 'तिने काय केलं होतं' इथून निघून कायदा 'घरात काय झालं ते तू सांग' इथे पोचला. हीच खरी प्रगती. शिक्षेची वर्षं वाढली ती नंतरची गोष्ट. आधी प्रश्न बदलावा लागला.

पण तो पुरता बदलला आहे का? हुंडाबळीचं कलम हुंड्यापुरतं आणि सात वर्षांपुरतं आहे. आठव्या वर्षी मेलेली, किंवा संशयापायी मारलेली, दारूच्या भरात मारलेली, सोडून जाते म्हणाली म्हणून मारलेली बाई त्यात बसत नाही. शिवाय खुनाचा पुरावा असतानाही नुसत्या हुंडाबळीवर भागवण्याची सवय लागली, म्हणून २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की खुनाचाही आरोप ठेवा. सरसकट नको, पुरावा असेल तिथे, असा खुलासा पुढे आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले. हुंडाबळी ८० वर गेली, खुनाची शिक्षा १०३ वर. आणि तो जुना अपवाद, गंभीर आणि अचानक चिथावणीचा, १०१ व्या कलमाखाली जवळजवळ जशाच्या तसा येऊन बसला. ज्या इंग्लंडकडून आपण तो घेतला, त्या इंग्लंडने २००९ च्या कायद्याने तो रद्द केला, आणि नव्या तरतुदीत जोडीदाराची बेइमानी हे स्वतंत्र कारण म्हणून धरायचं नाही असं लिहून टाकलं. गोऱ्या साहेबाचं कपाट आपण त्याच्यापेक्षा जास्त जपतो, असं कधी कधी वाटतं.

आमचे जुने धनी पोर्तुगेज, त्यांचं काय झालं? सालाझारच्या राजवटीचा शेवट १९७४ च्या क्रांतीने झाला आणि १९७५ च्या मे महिन्यात कलम ३७२ रद्द झालं. म्हणजे गोव्यातून ते गेल्यानंतरही लिस्बनमध्ये तेरा-चौदा वर्षं होतं. फ्रान्सनेही आपली तशीच सवलत १९७५ सालीच काढली, इटलीने १९८१ साली. पण कलम पुस्तकातून गेलं म्हणून डोक्यातून जात नाही. २०१७ साली पोर्तु शहरातल्या अपील न्यायालयात एका बाईला झालेल्या मारहाणीचा खटला चालला. मारणारे दोघे, पूर्वीचा नवरा आणि पूर्वीचा प्रियकर. त्यांची सौम्य शिक्षा कायम करताना न्यायाधीशांनी बायबलातल्या मृत्युदंडाच्या शिक्षेची आठवण काढली आणि १८८६ च्या दंडसंहितेचीही. बेचाळीस वर्षांपूर्वी पुरलेलं कलम निकालपत्रात उठून बसलं! लोक रस्त्यावर आले आणि पुढे त्या न्यायाधीशांना ताकीद मिळाली.

तोच फिलिपीन कायदेसंग्रह ब्राझीलमध्येही गेला होता. तिथे तर कायद्यात नसतानाही 'अब्रूचा बचाव' असा युक्तिवाद वकील ज्युरीपुढे करत राहिले. १९७६ च्या डिसेंबरात आंजेला दिनिझ हिला तिच्या सोबत्याने गोळ्या घातल्या. १९७९ साली त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. बचाव काय, तर ती कशी होती. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८१ साली खटला पुन्हा चालला आणि पंधरा वर्षं झाली. तो युक्तिवाद घटनाबाह्य आहे असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं ते मात्र २०२३ साली. लिस्बनहून निघालेली ती ओळ, गोवा आणि ब्राझील दोन्हीकडे पोचलेली, पुसायला चारशे वीस वर्षं लागली.

आणि गोष्ट संपलेली नाही. २०२३ या एका वर्षात जगात जवळजवळ ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून मेल्या, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. दिवसाला १४०. भारतात २०२२ साली हुंडाबळीचे नोंदलेले गुन्हेच साडेसहा हजारांच्या आसपास होते. हुंडा नसलेली मरणं त्यात नाहीत.

तात्या आता नाहीत. ते पुस्तक त्यांच्या मुलाने मला दिलं, माझ्या कपाटात आहे. समान नागरी कायद्याचं कौतुक कोणी केलं की अजूनही मला बरं वाटतं, खोटं का बोलू? फक्त टाळी वाजवण्याआधी ते दुसरं पुस्तक आठवतं.

मागच्या पावसाळ्यात बेतीहून फेरीबोटीने पणजीला येत होते. शेजारी दोघं-तिघं वर्तमानपत्र वाचत होते. नवऱ्याने बायकोला मारल्याची बातमी होती, कुठली ते लिहीत नाही. एकाने हळहळून मान हलवली. दुसरा म्हणाला, "पूण तिचें कितें तरी आसतलें." कोणीच काही बोललं नाही. मलाही आजीच्या राजांगणात विचारलेला माझा प्रश्न आठवला आणि तोंडातून शब्द फुटेना. बोट मांडवीच्या मध्यावर होती. मग मी धीर करून त्या माणसाला विचारलं, "आनी ताचें? ताणें कितें केलां तें बरयलां न्हय थंय?" तो जरा वरमला, पुन्हा बातमीत पाहिलं आणि म्हणाला, "हय, बरयलां." तेवढ्यात पणजीचा धक्का आला आणि आम्ही उतरलो.